क्लचचे ऑइल जाते कुठे? जुन्या गाडीतील गळती शोधण्याची रीत

इंदूरच्या पुष्कळ गॅरेजांत क्लचची तक्रार घेऊन गेले, की पेडलला पाय लावण्याआधीच निकाल ऐकायला मिळतो: “प्लेट गई, भिया, गिअरबॉक्स उतारना पड़ेगा.” काही वेळा तो निकाल बरोबरही असतो. परंतु ज्या गाडीचा क्लच तारेऐवजी ऑइलच्या दाबावर चालतो आणि जिने वयाची पंधरा वर्षे ओलांडली आहेत, त्या गाडीत पेडल खोल जाणे, सकाळी रिव्हर्स गिअर खरखरत पडणे आणि दोन-तीनदा पेडल मारल्यावर सारे तात्पुरते सुरळीत होणे, ही लक्षणे बहुधा प्लेटची, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या चकतीची, नसतात. ऑइल कमी झाल्याची किंवा त्यात हवा शिरल्याची ती खूण असते. झिजलेली प्लेट धरत नाही. इंदूरजवळच्या भेरू घाटाच्या चढावर इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी मात्र तेवढी पुढे सरकत नाही. ऑइल गेलेला क्लच धरतो नीट, पण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नाही. न धरणारा क्लच आणि न सुटणारा क्लच हे दोन वेगळे आजार आहेत, आणि गिअरबॉक्स उतरवण्यास होकार देण्यापूर्वी आपला आजार यांपैकी कोणता हे घरच्या अंगणात अर्ध्या दिवसात ठरवता येते.

प्रथम आपल्या गाडीचा क्लच ऑइलचा आहे याची खात्री करावी. मारुती ८०० सारख्या गाड्यांत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत पोलादी तार जाते. त्यांना पुढील मजकूर लागू नाही. बॉनेट उघडून चालकाच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर पाहावे. ब्रेकच्या मोठ्या डबीशेजारी क्लचची लहान स्वतंत्र डबी दिसेल; ती नसेल तर ब्रेकच्याच डबीच्या कडेतून एक बारीक रबरी नळी निघून बाजूच्या लहान सिलिंडरला गेलेली दिसेल. ही नळी डबीच्या तळाला नसून बरीच वर बसवलेली असते. क्लचचे सगळे ऑइल गळून गेले तरी ब्रेकपुरते ऑइल डबीत शिल्लक राहावे, ही त्यामागची योजना आहे. त्यामुळे अशा गाडीत डबी अर्धी भरलेली दिसत असूनही क्लच पूर्ण निकामी झालेला असू शकतो.

यंत्रणा साधी आहे. पेडलमागचा दांडा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, पिस्टन ऑइलला ढकलतो, ते ऑइल धातूच्या आणि रबरी पाइपातून खालच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते, आणि स्लेव्हचा पिस्टन रिलीज बेअरिंग, म्हणजे प्लेटवरचा दाब काढणारे कडे, पुढे सारून क्लच सोडवतो. मिस्त्री लोक या दोन सिलिंडरांना ‘ऊपर वाला’ आणि ‘नीचे वाला’ म्हणतात. दोहोंतील दाब अडवण्याचे काम वाटीच्या आकाराचे लहान रबरी वॉशर करतात, आणि जुन्या गाडीत पहिल्यांदा हार खातात ते हेच.

या यंत्रणेची एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा सारा शोध सोपा होतो. ब्रेकचे पॅड झिजतात तसे त्यांचे पिस्टन बाहेर सरकतात आणि मागची जागा भरण्यासाठी डबीतले ऑइल थोडे खाली जाते. ते गळतीविना घडते. क्लचमध्ये उलट होते. प्लेट झिजू लागली की प्रेशर प्लेटची (प्लेटला दाबून धरणाऱ्या तबकडीची) बोटे बाहेरच्या दिशेने सरकतात, रिलीज बेअरिंगला मागे रेटतात, स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि ऑइल डबीकडे परत येते. रिलीज बेअरिंग बोटांना ढकलून क्लच सोडवते अशा सर्वसाधारण बनावटीच्या क्लचमध्ये म्हणूनच झिजेमुळे ऑइलची पातळी कधीही उतरत नाही, उलट केसभर चढते. क्लचच्या स्वतंत्र डबीतले ऑइल कमी झाले असेल, तर ते कुठेतरी बाहेर पडलेच आहे. “जुनी गाडी आहे, थोडे पीतच असेल” हे इंजिन ऑइलच्या बाबतीत एक वेळ चालेल, येथे चालत नाही.

शोधापूर्वीची तयारी

क्लचमध्ये वापरले जाणारे ऑइल म्हणजे ब्रेक ऑइलच होय, बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचे. नेमके कोणते ते डबीच्या झाकणावर छापलेले असते. हे द्रव गाडीचा रंग खाते, त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना अपाय करते. हातमोजे घालावेत, गाडीखाली वाकताना चष्मा लावावा, रंगावर थेंब पडला तर पुसत न बसता आधी भरपूर पाणी ओतावे. गाडी सपाट, कोरड्या फरशीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. खाली शिरणे भाग असेल तर गाडी स्टँडवर घ्यावी; केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना. डबी ब्रेकशी सामायिक असेल आणि पातळी किमान रेषेच्या खाली गेली असेल, तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नये.

त्यानंतर डबी, दोन्ही सिलिंडर, पाइप आणि त्यांचे जोड स्वच्छ करावेत. वर्षानुवर्षांच्या माळव्याच्या काळ्या मातीवर ओल कुठून आली हे कळणे अशक्य असते. रबरी भागांजवळ पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल मुळीच वापरू नये, कारण त्याने रबर फुगते. ओले फडके आणि मग कोरडे फडके पुरते, किंवा ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो तो वापरावा. सारे कोरडे झाल्यावर डबीवर ऑइलच्या पातळीशी चिकटपट्टी लावून रेघ मारावी, गाडीखाली पांढरे पुठ्ठे पसरावेत, त्यांवर इंजिनाची बाजू आणि केबिनची बाजू लिहून ठेवावी, पेडल पंचवीस-तीस वेळा पूर्ण दाबून सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्यावी.

सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला की लगेच हर्ष किंवा शोक करू नये, कारण जुनी गाडी अनेक तऱ्हेचे द्रव गाळते. येथे पाण्याच्या वाटीची परीक्षा उपयोगी पडते. डागाच्या नेमक्या वर असलेल्या भागाच्या खालच्या बाजूवरून थेंब बोटावर किंवा काडीवर घेऊन वाटीभर पाण्यात सोडावा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि स्टिअरिंगचे ऑइल पाण्यावर तरंगतात आणि त्यांचा रंगीत तवंग पसरतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. कूलंटही मिसळते, पण ते हिरवे, लाल किंवा निळे असते आणि हाताला ब्रेक ऑइलइतके बुळबुळीत लागत नाही. गिअर ऑइल तर त्याच्या गंधकासारख्या उग्र वासानेच ओळखू येते. नवे ब्रेक ऑइल फिकट पिवळे असते, जुने चहाच्या रंगाचे, आणि वॉशर झिजून त्याचा कीस मिसळला असेल तर काळपट. डबीतले ऑइल काळे दिसत असेल तर गळती सापडण्यापूर्वीच एवढे कळले असे समजावे, की आतले रबर संपत आले आहे.

पुठ्ठा कोरडा, तरी पातळी खाली

पुष्कळ जण येथेच फसतात, आणि मीही फसलो होतो. आमच्या २००४ सालच्या डिझेल गाडीत एका पावसाळ्यात आठवड्याला बोटभर ऑइल कमी होऊ लागले. गाडीखाली एक थेंबही नव्हता. त्याच सुमारास चालकाच्या पायांखालचा गालिचा ओला राहू लागला, आणि दरवाजाच्या रबरातून पाणी झिरपते अशी समजूत करून घेऊन मी तो दोनदा उन्हात वाळवला. तिसऱ्या वेळी गालिचाची खालची बाजू हाताला बुळबुळीत लागली आणि पत्र्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला, तेव्हा दोन गोष्टी एकच आहेत हे ध्यानात आले. पावसाचे पाणी रंग उचलत नाही.

मास्टर सिलिंडरचा मागचा वॉशर गेला, की ऑइल इंजिनाच्या बाजूला न येता पेडलच्या दांड्यावरून केबिनमध्ये उतरते. म्हणून तपासणी गाडीखालून नव्हे, पेडलपासून सुरू करावी. पायांखालची चटई काढावी, टॉर्च घेऊन खाली वाकून पेडलच्या वरच्या टोकाशी, जेथे दांडा पत्र्यातून आत जातो, तेथील रबरी टोपी पाहावी. तिच्याभोवती पांढरा टिश्यू कागद दाबून धरावा आणि दुसऱ्या कोणाला तरी हाताने पेडल आठ-दहा वेळा दाबायला सांगावे. कागद ओला झाला तर निदान पूर्ण झाले. खाली शिरण्याची गरजच उरली नाही. अनेकदा ऑइल दांड्यावरून ओघळत पेडलच्या पायपट्टीपर्यंत आलेले असते आणि बुटाचा तळ घसरू लागतो, ते आपल्याला पावसाचेच वाटते. बॉनेटच्या बाजूने मास्टरच्या खालच्या पत्र्यावरही नजर टाकावी. तेथे रंग फुगलेला किंवा सुरकुतलेला असेल, तर गळती आजची नाही.

पाइप आणि खालचा सिलिंडर

मास्टर कोरडा निघाला तर पाइपाच्या मागे मागे जावे. धातूचा पाइप जेथे क्लिपने पत्र्याला धरलेला असतो तेथे ओल साचून गंजतो, त्यामुळे क्लिपच्या आतली बाजू बोटाने चाचपावी. रबरी पाइप वाकवून पाहिल्यावर भेगा दिसतात. साहाय्यकाने पेडल दाबून धरले असता तो फुगतो का हेही पाहावे. फुगणारा पाइप थेंब गाळत नाही, पण पेडलचा जोर स्वतःच पिऊन टाकतो. जोडांवर थोडी खडूची पूड भुरभुरली, तर सुईच्या टोकाएवढी गळतीही काळा ठिपका उमटवून जागा दाखवते. मिस्त्री रबरी पाइप चिमट्याने दाबून वरचा दोष की खालचा हे ठरवतात. रीत बरोबर आहे, पण पंधरा वर्षांच्या रबरावर ती मी करू देणार नाही. गळती नसलेला पाइप त्या चिमट्याने आतून चिरतो.

स्लेव्ह सिलिंडर कोठे आहे यावर पुढचा खर्च ठरतो. क्वालिससारख्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या कवचाला बाहेरून बोल्टने बसवलेला असतो आणि त्याचा दांडा बाहेर दिसणाऱ्या फोर्कला, म्हणजे रिलीज बेअरिंग हलवणाऱ्या तरफेला, ढकलतो. त्याच्या तोंडावरील रबरी टोपीची कड हलकेच उचलून पाहावी. आत किंचित ओलसरपणा असेल तर खूण करून पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. टोपी उचलताच ऑइल ओघळले, तर आतला वॉशर गेला आहे. हवा काढायच्या निपलवरची धूळटोपी ऑइलने भरलेली असल्यास मात्र दोष वॉशरचा नसून निपल सैल असल्याचा असू शकतो, आणि तो एका पान्याच्या वळशाने मिटतो. स्लेव्ह बोल्ट काढून मोकळा लोंबत असताना पेडलला कोणीही हात लावू नये, पिस्टन सुटून बाहेर उडतो.

दुसरा प्रकार कठीण आहे. नंतरच्या अनेक गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत बसवलेला असतो. सुट्या भागांच्या दुकानात त्याला सीएससी (कॉन्सेंट्रिक स्लेव्ह सिलिंडर) म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात त्या सांध्याच्या सर्वांत खालच्या जागी थेंब धरतो, आणि नेमक्या त्याच जागी इंजिनाच्या मागच्या सीलचे व गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचे ऑइलही येते. पाण्याच्या वाटीची परीक्षा येथे सर्वांत अधिक मोलाची ठरते: तरंगले तर क्लचच्या यंत्रणेला दोष देऊ नये, मिसळले आणि डबीतली पातळीही उतरत असेल तर सीएससी गेला असे मानावे. अशा वेळी गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो, आणि मिस्त्रीचे म्हणणे मान्य करावे. एकदा उतरवल्यावर ऑइलने भिजलेली प्लेट पुसून परत बसवू देऊ नये, कारण तिच्या अस्तरात शिरलेले ऑइल पुढे धक्के देत राहते.

गळती नाही, पातळी स्थिर, तरी पेडल बसते

असेही घडते, आणि ते चकवते. मास्टरचा पुढचा वॉशर झिजला तर ऑइल बाहेर न पडता पिस्टनच्या कडेने आतल्या आतच मागे सरकते. याची परीक्षा बसल्या जागी होते. पेडल अगदी सावकाश, मनात दहा मोजत दाबावे आणि गिअर टाकून पाहावा; मग पेडल झटक्यात दाबून तोच गिअर टाकावा. झटक्यात दाबल्यावर गिअर सहज पडतो आणि सावकाश दाबल्यावर खरखरतो, तर वॉशर दाब धरत नाही हे उघड आहे. दुसरी परीक्षा अशी, की समोर मोकळी जागा असलेल्या सपाट मैदानात इंजिन चालू ठेवून, उजव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून, क्लच दाबून पहिला गिअर टाकावा आणि क्लच पूर्ण दाबलेल्या स्थितीत मिनिटभर थांबावे. पाय न हलवताही गाडी हळूहळू पुढे ओढू लागली, तर दाब आत उतरतो आहे. पलासियाच्या सिग्नलवर हा अनुभव येण्यापेक्षा मैदानात आलेला बरा.

पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होत असेल, तर यंत्रणेत हवा आहे. हवा आपणहून येत नाही. ती गळतीच्या वाटेनेच शिरते, त्यामुळे केवळ हवा काढून दिल्याने काम चार दिवस चालते आणि पुन्हा थांबते. याला एक अपवाद आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ओलावा शोषल्यानंतरची ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंश आहे. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल त्याच्याही खाली घसरू शकते. मे महिन्यात खंडवा रस्त्यावर घाटात वाहतूक तुंबली, तासभर क्लच-गिअरचा खेळ चालला आणि एक्झॉस्टजवळचा पाइप तापला, की असल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल मऊ पडते. गाडी थंड झाल्यावर सारे ठीक होत असेल आणि पातळी तसूभरही हलली नसेल, तर वॉशरच्या आधी ऑइल बदलून पाहावे.

वरील सर्व परीक्षांत यंत्रणा निर्दोष ठरली, तर पेडल दाबताना स्लेव्हचा दांडा किती पुढे जातो ते पट्टीने मोजून गाडीच्या सेवापुस्तिकेतील आकड्याशी ताडावे. दांडा पुरेसा सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच फोर्क, प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग यांच्याकडे संशयाने पाहावे.

दोष सापडल्यानंतर

गॅरेजपर्यंत जाण्यापुरते ऑइल भरायचे असेल तर झाकणावर छापलेलेच, नव्या बंद बाटलीतले भरावे. मागच्या वर्षी उघडून कपाटात ठेवलेली अर्धी बाटली माळव्याचा एक पावसाळा पिऊन बसलेली असते. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते आणि ते यांत घालू नये. अडचणीत सापडून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतणारे महाभाग भेटतात. त्याने प्रत्येक वॉशर फुगतो, आणि मग एका वॉशरच्या कामाचे दोन्ही सिलिंडर, रबरी पाइप आणि संपूर्ण धुलाई असे काम होते. सामायिक डबी असेल तर ब्रेकचेही.

दुरुस्तीत केवळ रबर किट घालावे की पूर्ण सिलिंडर, हा प्रश्न विचारला जाईलच. सिलिंडर उघडल्यावर आतील भिंतीवरून नख फिरवावे. नख कोठेही अडले नाही तर किट चालेल. गंजाचे खड्डे लागले तर नवा वॉशर काही महिन्यांत तेथेच कापला जातो, म्हणून पूर्ण सिलिंडर घ्यावा. वीस वर्षांच्या गाडीत मी तर नख न फिरवताही तोच घेईन. वरचा सिलिंडर बदलताना खालच्या जुन्या सिलिंडरची टोपी उचलून पाहण्यास विसरू नये, कारण दोघांचे रबर एकाच वयाचे असते.

काम झाल्यावर हवा काढताना निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवावे. पेडल दाबून धरायचे, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचे, हा क्रम बुडबुडे थांबेपर्यंत चालवावा आणि डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. निघालेले जुने ऑइल नालीत ओतू नये. झाकणबंद बाटलीत घालून ते कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्यावे.

डबीवरची चिकटपट्टी काढून न टाकता नव्या पातळीशी पुन्हा लावावी आणि आठवड्याने, मग महिन्याने पाहावे. पातळी रेघेच्या खाली गेली तर पेडलच्या दांड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. काही महिन्यांनी ती रेघेच्या किंचित वर आलेली दिसली, तर जास्तीचे ऑइल काढू नये. प्लेट झिजत आहे, एवढीच नोंद वहीत करून ठेवावी.